चागोसचा तह आणि चागोसची माणसे

ग्रीनलंड अमेरिकेच्या ताब्यात का असले पाहिजे, याचे एक नवे कारण अध्यक्ष डोनल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०२६ मध्ये पुढे केले. ब्रिटन दिएगो गार्सिया हे बेट मॉरिशसच्या हवाली करण्यास निघाले आहे, हा घोर मूर्खपणा आहे आणि ग्रीनलंड आपण घेतले पाहिजे याचे ते आणखी एक कारण आहे, असे त्यांच्या निवेदनाचे सार होते. ज्या कराराला त्यांनी मूर्खपणा ठरवले त्याचे स्वागत त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये केले होते, हा विनोदाचा भाग सोडून देऊ. एक बेट उत्तर ध्रुवाच्या शेजारचे, तर दुसरे विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, कन्याकुमारीपासून सुमारे १,८०० किलोमीटरवर. तरीही ट्रम्प यांनी ती दोन्ही एका वाक्यात आणून बसवली, आणि इतिहास पाहिला तर त्यात विसंगत असे काही नाही. समुद्रापलीकडच्या मुलखासाठी युरोपीय सत्तांनी जी तीनचार शतके चुरस केली, तिच्यात बेटाचे मोल त्याच्या बंदरावरून आणि जलमार्गावरील त्याच्या स्थानावरून ठरत असे. तेथे राहणाऱ्या माणसांचा विचार सर्वांत शेवटी होई, आणि पुष्कळदा होतच नसे. ट्रम्प ही गोष्ट उघडपणे बोलतात. लंडनचे मुत्सद्दी ती खलित्यांत लिहीत असत, एवढाच फरक.

करार काय आहे ते आधी पाहू. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांनी त्यावर सह्या केल्या. दिएगो गार्सियासह संपूर्ण चागोस द्वीपसमूहावर मॉरिशसचे सार्वभौमत्व ब्रिटनने त्यात मान्य केले आहे. मात्र दिएगो गार्सियावरील ब्रिटिश-अमेरिकन लष्करी तळ ९९ वर्षे तसाच राहील, पुढे ४० वर्षांची मुदतवाढ मिळू शकेल, आणि त्यापोटी ब्रिटन मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड देईल. मूळच्या रहिवाशांसाठी ४ कोटी पौंडांचा न्यास स्थापन व्हायचा आहे. दिएगो गार्सिया वगळून इतर बेटांवर पुनर्वसनाची योजना राबवण्यास मॉरिशसला मुभा आहे. मुभा आहे, बंधन नाही. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सारा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतो.

नव्याण्णव हा आकडा मुत्सद्द्यांच्या विशेष आवडीचा दिसतो. हाँगकाँगलगतचा मुलूख ब्रिटनने १८९८ मध्ये चीनकडून घेतला तो ९९ वर्षांसाठी, आणि श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये चिनी कंपनीकडे गेले तेही ९९ वर्षांसाठीच. एका माणसाच्या आयुष्याहून मोठी आणि कायमच्या मालकीहून लहान अशी ही मुदत असते. सही करणाऱ्यांपैकी कोणालाच तिच्या शेवटाचा जाब द्यावा लागत नाही.

आपल्या मुंबईकरांना तरी या व्यवहाराचे नवल वाटू नये. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट आपल्या बहिणीबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण दिले आणि त्या राजाने १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले. माहीम-परळच्या कोळ्या-भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही, हे सांगायला नकोच. दहा पौंडांच्या त्या खंडापासून दहा कोटींच्या या भाड्यापर्यंत दर पुष्कळ चढला. व्यवहाराची रीत मात्र फारशी बदलली नाही.

अठराव्या शतकात हिंदी महासागरातील इंग्रज-फ्रेंच स्पर्धा जुंपली तेव्हा मॉरिशस फ्रेंचांकडे होते आणि त्याचे नाव 'इल द फ्रान्स' होते. पाँडिचेरी ही फ्रेंचांची पेढी मानली, तर हे बेट त्यांच्या आरमाराचे ठाणे होते. १७४६ मध्ये मद्रास फ्रेंचांनी जिंकून घेतले ते याच बेटाच्या गव्हर्नरने, ला बूर्दोने याने, येथून नेलेल्या गलबतांच्या बळावर. भारतात लढाया हरूनही फ्रेंच पुढे साठ वर्षे इंग्रजी व्यापारी जहाजांना लुटत राहिले, त्याचेही रहस्य पोर्ट लुईच्या सुरक्षित बंदरात होते. अशा वेळी त्याच्या उत्तरेस पसरलेली चागोसची बेटे इंग्रजांच्या नजरेत भरली नसती तरच आश्चर्य. १७८६ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारने दिएगो गार्सियावर ठाणे घालण्यासाठी मुंबई बंदरातून गलबते धाडली. पुढे अंदमानच्या पाहणीमुळे प्रसिद्ध झालेला आर्चिबाल्ड ब्लेअर या मोहिमेत होता आणि बेटाचा नकाशा त्यानेच तयार केला. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने हरकत घेतली, बेटावर पिकापाण्याचीही सोय दिसेना, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी काढता पाय घेतला. दिएगो गार्सियासाठी दोन साम्राज्यांत झालेली ही पहिली ओढाताण मुंबईच्या धक्क्यावरून सुरू झाली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या गावी नाही.

(त्याच सुमारास नाना फडणिसांचे पुणे दरबार टिपूविरुद्धच्या मोहिमेत गुंतले होते. समुद्र हा त्या दरबारच्या चिंतेचा विषय राहिलाच नव्हता. १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांच्या साहाय्याने आंग्ऱ्यांच्या आरमाराची राख आपणच करून घेतली होती. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

१८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस जिंकले. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेले देशी शिपाईही होते. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने मॉरिशस आणि त्याच्या अंकित बेटांवर इंग्रजांच्या मालकीचे शिक्कामोर्तब झाले. याच तहातील एक तपशील फार बोलका आहे. शेजारचे बूर्बाँ बेट, म्हणजे आजचे रेयुनियों, इंग्रजांनी हेही जिंकले होते. ते मात्र त्यांनी फ्रान्सला परत केले. ते आकाराने मॉरिशसहून मोठे, जमीन सुपीक. पण त्याला चांगले नैसर्गिक बंदर नाही. बंदर नाही म्हणून औदार्य! तो मुलूख आजतागायत फ्रान्सचाच आहे आणि तेथे युरो चालतो.

चागोसची बेटे यानंतर दीडशे वर्षे जगाच्या विस्मरणात गेली. फ्रेंच मळेवाल्यांनी तेथे आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणून नारळाच्या बागा लावल्या होत्या. गुलामगिरी गेल्यावर तेच लोक मजूर झाले, त्यांच्यात काही भारतीय मजुरांची भर पडली. खोबरे आणि तेल हीच त्यांची पैदास असल्यामुळे दर्यावर्दी या बेटांना 'तेलाची बेटे' म्हणत. पाच-सहा पिढ्यांत त्यांची एक स्वतंत्र क्रिओल बोली, गाणी, स्वयंपाक, दफनभूमी, चर्च असे सर्व काही उभे राहिले. मळेवाल्याचे राज्य कडक होते आणि मजुरी नाममात्र होती, ते जीवन स्वर्गीय होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण ते त्यांचे होते. सुएझ कालवा सुरू झाल्यावर १८८० च्या दशकात आगबोटींसाठी दिएगो गार्सियावर कोळशाच्या वखारी काही वर्षे चालल्या आणि बंद पडल्या. पुढची गोष्ट १९१४ ची. मद्रासवर तोफा डागून दहशत बसवणारी जर्मन युद्धनौका 'एम्डेन' ऑक्टोबरमध्ये दिएगो गार्सियाला आली. युरोपात महायुद्ध पेटून दोन महिने उलटले होते, पण बेटावर ती बातमीच पोचली नव्हती. बेटावरच्या लोकांनी शत्रूच्या नौकेचे पाहुण्यासारखे स्वागत केले. जर्मन खलाशांनी उपकाराची फेड म्हणून व्यवस्थापकाची नादुरुस्त मोटारबोट दुरुस्त करून दिली. साम्राज्यांच्या वैराची इतकी सभ्य भेट दुसरीकडे क्वचितच घडली असेल.

या बेटांवर खरी आपत्ती आली ती साम्राज्य मावळत असताना. ब्रिटन सुएझच्या पूर्वेकडील पसारा आवरू लागले होते आणि अमेरिकेला हिंदी महासागरात पाय रोवायला जागा हवी होती. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांवर विसंबता येणार नाही, तेव्हा वस्ती नसलेले किंवा सहज रिकामे करता येईल असे बेट साम्राज्याच्या शिल्लक मालमत्तेतून आधीच बाजूला काढून ठेवावे, हा विचार वॉशिंग्टनच्या आरमारी खात्यात शिजला. मॉरिशसचे स्वातंत्र्य दाराशी आले होते. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये वाटाघाटी चालू असता पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी शिवसागर रामगुलाम यांना एकांतात बोलावून घेतले. त्या भेटीपूर्वी विल्सन यांच्यासाठी तयार केलेले टिपण पुढे उजेडात आले. स्वातंत्र्य मिळेल ही आशा दाखवायची आणि चागोसबाबत शहाणपणा न दाखवल्यास ते कदाचित मिळणार नाही ही धास्ती घालायची, असा त्याचा भावार्थ आहे. रामगुलाम यांनी रुकार दिला. मॉरिशसला ३० लाख पौंड मिळाले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोसची बेटे मॉरिशसपासून तोडून 'ब्रिटिश हिंदी महासागरी प्रदेश' नावाची एक नवी वसाहत जन्माला आली. वसाहती मोकळ्या करण्याच्या दशकात नवी वसाहत निर्माण करण्याचा हा पराक्रम मजूर पक्षाच्या, म्हणजे साम्राज्यविरोधी म्हणवणाऱ्या पक्षाच्या सरकारने केला. १९६० च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांनी वसाहतीचे तुकडे पाडण्यास मनाई केली होती. डिसेंबर १९६५ मध्ये आमसभेने ब्रिटनला पुन्हा बजावले. ब्रिटनने लक्ष दिले नाही. १९६६ च्या अखेरीस बेट अमेरिकेला ५० वर्षांसाठी वापरायला मिळाले. भाडे काही नाही. मात्र 'पोलारिस' क्षेपणास्त्रांच्या खरेदीत ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली आणि ही गोष्ट ब्रिटिश पार्लमेंटपासून आणि अमेरिकन काँग्रेसपासूनही दडवून ठेवण्यात आली.

आता प्रश्न उरला माणसांचा. ती दीड-दोन हजार होती. बेटावर कायमची वस्ती आहे असे कबूल केले तर संयुक्त राष्ट्रांना अहवाल द्यावे लागणार आणि त्या वस्तीच्या हक्कांचे काय, हे विचारले जाणार. म्हणून ही माणसे कायमची रहिवासी नसून ठेक्यावर आलेले मजूर आहेत, असे कागदोपत्री ठरवण्यात आले. लंडनमधील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने १९६६ च्या टिपणात त्यांची संभावना मूळ कोणते ते ठाऊक नसलेले काही टारझन आणि क्रूसोचे फ्रायडे अशी केली होती. औषधपाण्यासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना १९६८ पासून परतीच्या बोटीवर जागा नाकारली जाऊ लागली. मळे बंद करण्यात आले, धान्याची रसद आटवली गेली. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे झाले. जाण्याआधी लोकांची शेकडो कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठारात कोंडून विषारी धुराने मारण्यात आली. 'नॉर्डव्हेर' या मालवाहू बोटीवर मळ्याचे घोडे वर डेकवर होते आणि माणसे खाली मालाबरोबर. १९७३ पर्यंत पेरोस बान्योस आणि सालोमाँ हीही बेटे ओस पडली. पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत ही कुटुंबे दारिद्र्यात, व्यसनात आणि अपमानात जगली. १९८२ मध्ये ब्रिटनने ४० लाख पौंड देऊ केले. पैसे घेताना इंग्रजी कागदांवर लोकांचे अंगठे उठवून घेतले गेले आणि त्या कागदांत परतीचा हक्क सोडल्याचे लिहिले होते.

यानंतरचा न्यायालयीन इतिहास लांबलचक आहे. २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हद्दपारी बेकायदा ठरवली. २००४ मध्ये सरकारने पार्लमेंटला वळसा घालून, राणीच्या विशेष हुकुमाने, परतीची वाट पुन्हा बंद केली. २००८ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा हुकूम उचलून धरला. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवतीचा समुद्र संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला. प्रवाळांच्या आणि माशांच्या रक्षणाबद्दल कोणाचे दुमत असणार? पण या घोषणेमुळे माणसांचे परतणे अवघड होईल, असे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अमेरिकन वकिलातीला खासगीत सांगितल्याचे नंतर फुटलेल्या तारेवरून दिसून आले. अखेर मॉरिशसने दाद मागण्याचे व्यासपीठ बदलले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने चागोसचे विभाजन बेकायदा असल्याचे मत दिले आणि २२ मे २०१९ रोजी आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा दिला. भारताचे मत मॉरिशसच्या बाजूने पडले. बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, करारावर सही झाली. ज्या रामगुलामांकडून १९६५ मध्ये रुकार उकळला गेला, त्यांच्या पुत्राने ती केली. मॉरिशसच्या दृष्टीने हा न्याय पुरा झाला, असे म्हणता येईल.

चागोसवासीयांच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही. सहीच्या दिवशी पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांनी लंडनच्या न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. आम्हाला कोणी विचारले, हा त्यांचा सवाल. काही तासांत मनाई उठली आणि समारंभ पार पडला. चागोसवासीयांत एकमत आहे असे नाही. मॉरिशसमध्ये राहिलेल्यांपैकी पुष्कळांना हा करार विजय वाटतो. ब्रिटनमध्ये क्रॉलीच्या परिसरात स्थायिक झालेल्यांपैकी अनेकांना मॉरिशसने दिलेल्या वागणुकीची आठवण आहे आणि त्या देशाचे सार्वभौमत्व नको आहे. पण मतभेद आहेत म्हणून मत विचारायचेच नाही, हे तर्कशास्त्र अजब म्हटले पाहिजे. अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून वेस्ट इंडीजमधील बेटे अडीच कोटी डॉलरला विकत घेतली आणि त्या सौद्यात ग्रीनलंडवरील डेन्मार्कच्या हक्काला हरकत न घेण्याचे आश्वासन दिले. त्या वेळी डेन्मार्कमध्ये सार्वमत झाले होते. विकल्या गेलेल्या बेटांवरील रहिवाशांना मात्र त्यात मत नव्हते. ग्रीनलंडची मालकी सांगू पाहणाऱ्यांनी हा कागद एकदा वाचावा. चागोसचा करार लिहिणाऱ्यांनीही वाचला असता तर बरे झाले असते.

ब्रिटनमधील विरोधी पक्ष आज चागोसवासीयांचा कैवार घेऊन उभे आहेत. त्यांच्याच पक्षाच्या सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये मॉरिशसशी वाटाघाटी सुरू केल्या होत्या आणि ते अधिकारावर असताना परतीचा मार्ग कधी मोकळा झाला नव्हता, हे ध्यानात ठेवले म्हणजे या कैवाराची खोली समजते.

पण इतरांचे दोष मोजताना आपला हिशेबही मांडायला हवा. १९७१ मध्ये दिएगो गार्सियाचे बांधकाम सुरू झाले तेव्हा भारताने कडाडून विरोध केला होता. हिंदी महासागर हे शांततेचे क्षेत्र व्हावे, हा श्रीलंकेने मांडलेला आणि भारताने पाठिंबा दिलेला ठराव आमसभेने १६ डिसेंबर १९७१ रोजी संमत केला. त्याच दिवशी ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, आणि 'एंटरप्राइज' ही अमेरिकन विमानवाहू नौका तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. त्या काळच्या भारतीय वृत्तपत्रांत दिएगो गार्सिया हे नाव वारंवार येई. मात्र त्या साऱ्या निषेधांत तळ होता, अण्वस्त्रे होती, महासत्तांची स्पर्धा होती. हाकलून दिलेली माणसे क्वचितच होती. आज चीनच्या आरमाराची जिबूतीपर्यंत ये-जा सुरू झाल्यापासून दिएगो गार्सियाचा तळ दिल्लीला पूर्वीइतका खुपत नाही. मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य व्हावे आणि तळही राहावा, हा तोडगा भारताला सोयीचाच आहे, आणि भारताने त्याचे स्वागत केले. राष्ट्रहिताच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. परंतु २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मॉरिशसच्या आगालेगा बेटावर भारताने बांधून दिलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून आपणही या महासागरातील बेटांच्या राजकारणात केवळ प्रेक्षक राहिलेलो नाही. तेथे लष्करी तळ नाही असे मॉरिशसचे सरकार सांगते. बेटावरची वस्ती जेमतेम ३०० च्या आसपास आहे, आणि चागोसचा इतिहास माहीत असल्याने ती साशंक आहे. या शंकेचा राग मानण्याचे कारण नाही.

मॉरिशसमधील बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे आहेत. मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर गेलेल्या कोकणच्या आणि घाटावरच्या मजुरांचे मराठी भाषक वंशज त्यांत आहेत आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. या नात्यामुळे दिल्लीचा शब्द पोर्ट लुईत ऐकला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये चागोसच्या सागरी क्षेत्राच्या देखरेखीसाठी मदत देण्याचे भारताने मान्य केले आहे. माशांवर आणि परकी जहाजांवर नजर ठेवण्यासाठी नौका मिळतील. त्याच मदतीत पेरोस बान्योस आणि सालोमाँ येथे उतरण्यासाठी एक धक्का, गोड्या पाण्याची सोय आणि वर्षातून काही फेऱ्या करणारी बोट यांचा समावेश करण्याची सूचना भारताने मॉरिशसला करावी. आगालेगाला तीन हजार मीटरची धावपट्टी बांधू शकणाऱ्या देशाला हे अवघड नाही. मॉरिशस पुनर्वसनाचे नियम करील तेव्हा ते करणाऱ्या समितीत बेटांवर जन्मलेली माणसे, क्रॉलीची धरून, असावीत, हाही आग्रह दिल्लीने धरावा. बेटांवर जन्मलेल्यांपैकी हयात असलेले आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत, आणि ९९ वर्षांच्या मुदतीचा त्यांना काही उपयोग नाही.